इंजूची चाल

आक्बोता आली तेव्हा मी दौरेनच्या मेंढ्यांना जंतांचं औषध पाजत होते. दौरेन तिचा नवरा. तो मेंढीचं तोंड उघडून धरत होता आणि मी औषध ओतत होते. आक्बोता कुंपणाला टेकून उभी राहिली आणि थोरल्या बहिणीला म्हणावं तसं म्हणाली, "आपाय, इंजूच्या पायातली दोरी तुम्ही कापाल?"

"तुझ्या नणंदा कुठे गेल्या?" मी हातातलं काम न थांबवता विचारलं.

"एक दिवसभर झोपते आणि दुसरी दिवसभर बोलते. माझ्या लेकीनं त्यांच्यासारखं व्हायचं का?"

दौरेन मेंढीच्या पाठीआड तोंड लपवून हसला.

मूल वर्षाचं झालं की त्याच्या पायांना काळ्या-पांढऱ्या लोकरीची दोरी बांधायची आणि ती कापून त्याला चालतं करायचं. कापणाऱ्याची चाल मुलाला लागते, असं आमच्याकडे सगळेच धरून चालतात. मी धरत नव्हते. मी गुरांची डॉक्टर. वासरू कुणी दोरी न कापता आपोआप उभं राहताना रोज बघणारी. तरी त्या दिवशी घरी परतताना मी उगाचच ताठ चालत होते. माझ्यासारखं कुणी व्हावं असं आजवर कुणाला वाटलं नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मूल झालं नाही, दीर-जावा शहरात निघून गेल्या. बल्खश तळ्याच्या काठावरच्या त्या वस्तीत मला सगळे ओळखत. वाटेत थांबवून गाईच्या सडाला आलेली सूज सांगत. पण संध्याकाळी चहा ओतायला घेतला की समोर वाडगा एकच असे.

वाढदिवस दौरेनच्या अंगणातच झाला. तळ्यावरून वारा सुटला होता, त्याला ओल्या लव्हाळ्याचा आणि मिठाचा वास होता. कुंपणाच्या तारेला बांधलेले फुगे वाऱ्यानं तारेवर आपटून एकेक करून फुटत होते. कढईत कणकेच्या गोळ्यांचे बाउर्साक तळले जात होते, मोठ्या पातेल्यात मटण शिजत होतं, आणि दौरेनच्या मामानं शहरातून आणलेल्या स्पीकरवर गाणी लागली होती. केकवरचं क्रीम उन्हानं एका बाजूला उतरलं होतं.

कुल्ताय आजींनी, म्हणजे दौरेनच्या आईनं, जमिनीवर पांढरं कापड अंथरलं आणि दोरी स्वतःच्या हातानं इंजूच्या घोट्यांना बांधली. इंजू दोन्ही हातांत बाउर्साक धरून शांत उभी होती. मी गुडघे टेकून कात्री लावली. दोरी कापली गेली. बायकांनी वरून गोळ्या-बिस्किटं उधळली, मुलं त्यांच्यावर तुटून पडली. मी इंजूचे हात धरून तिला चार पावलं चालवलं आणि सोडलं.

ती पडली नाही. वर्षाचं मूल जसं पाय फाकून, डुगडुगत चालतं तशी ती चाललीच नाही. उजवा पाय नीट उचलून टाकायची, मग थांबायची, आणि डावा पाय बाहेरून वळवून ओढत आणायची. कापड संपलं, तशी ती मातीत उतरली. तिच्या डाव्या पावलामागे बोटांनी ओढलेली बारीक रेघ उमटत गेली.

"दोरी अर्धीच कापली वाटतं," मामा म्हणाला. "डॉक्टरीणबाईंना मेंढ्यांची सवय. चारांतले दोन पाय सुटले तरी पुष्कळ."

सगळे हसले. आजींनी इंजूला उचलून घोटे पाहिले. दोरीचा एक धागाही राहिला नव्हता. मी तिला मांडीवर घेतलं, खुबा फिरवून पाहिला, गुडघा, घोटा दाबून पाहिला. कुठेही दुखत नव्हतं. तिनं माझ्याकडे बघून घसा खाकरला. गोठ्यात शिरण्याआधी मी खाकरते, अगदी तशी.

"बघा, लागली चाल," आक्बोता म्हणाली. पण तिचा हात लेकीच्या पायावरून निघत नव्हता.

पुढच्या महिन्यात त्यांनी तिला शहरात दाखवलं. हाडांचे फोटो काढले. डॉक्टर म्हणाले, पाय उत्तम आहेत, मूल आपोआप नीट चालेल. इंजू नीट चालली नाही. सबंध उन्हाळा आणि पानगळ ती डावा पाय ओढत फिरत होती. मी जाता-येता तिला बघायला जायची. खोटं कशाला सांगू, मला ते खाकरणं आवडायचं. ती रुमाल माझ्यासारखा चौकोनी घडी घालून ठेवायची. घोड्याच्या नाकावर आधी हाताची पालथी बाजू धरायची. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी दारात दिसले की ती हातातलं टाकून माझ्याकडे यायची, आणि घरी गेल्यावरही तो फरफटल्याचा आवाज माझ्या कानांत राहायचा.

तळं गोठलं त्या सुमारास मी एका अडलेल्या गाईला सोडवत होते. गाय अचानक वळली आणि तिनं मला गोठ्याच्या लोखंडी दांडीवर दाबलं. हाड मोडल्याचा आवाज मी इतक्या वेळा ऐकलाय की तो माझाच आहे हे कळायला थोडा वेळ लागला.

शहरातल्या इस्पितळात डाव्या पायाला प्लास्टर घालून पडले होते. आक्बोताचा फोन आला. आधी ती माझ्यासाठी रडली. मग म्हणाली, "आपाय, या वेळी सांगू नये, पण राहवत नाही. इंजू नीट चालायला लागली. एकदम."

"कधीपासून?"

"तुम्हाला गाडीत घालून नेलं ना, त्या दुपारपासून. दारात उभी राहून गाडीकडे बघत होती. मग वळली आणि पळत घरात गेली."

मी बरं झालं म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

बर्फ वितळल्यावर परत आले. हाड जुळलं होतं, पण पाय पूर्वीसारखा उचलत नव्हता. काठावरच्या चिखलातून घरी जाताना मी सहज मागे वळून पाहिलं. उजवं पाऊल स्वच्छ. डाव्यामागे बोटांची बारीक रेघ.

कुल्ताय आजी फाटकाशी उभ्या होत्या. मी येताना त्यांनी माझे पाय पाहिले, बराच वेळ पाहिले.

"तू आता लंगडतेस, उलमेकेन," त्या म्हणाल्या. "ती गेल्या उन्हाळ्यापासून लंगडत होती."

त्यांनी फाटक लावून घेतलं. रागानं नाही. कडीही हळू सरकवली.

त्यानंतर मी त्या वाटेनं जाणं सोडलं. दौरेनची जनावरं बघायला शेजारच्या गावचा डॉक्टर येऊ लागला. मी लांबून इंजूला पाहायची, ती इतर मुलांसारखी पळायची, पडायची, रडायची. मला बरं वाटायचं आणि घरी आल्यावर वाडगा भरताना हात थबकायचा. जे होणार होतं ते होऊन गेलं, अशी मी समजूत घातली. एक लंगडा पाय. त्याला काय एवढं.

इंजूचा दुसरा वाढदिवस आला तेव्हा आक्बोता स्वतः बोलवायला आली.

"सासूबाई काय म्हणतात?" मी विचारलं.

"त्या म्हातारीचं मी बघते. तुम्ही या. तुमच्या घराकडे बोट दाखवून इंजू रोज रडते."

त्या दिवशी वारा फार होता, म्हणून सगळं घरातच होतं. मोजकीच माणसं होती. लांब खोलीत गालिच्यावर कापड अंथरून त्यावर केक, सुके जर्दाळू, मटणाची परात. आजी कोपऱ्यात बसल्या होत्या. मला बघून त्यांनी मान हलवली. मी दाराजवळ बसले. मुलं गोल गोल धावत होती. त्यांत इंजू होती, पिवळ्या झग्यात, तोंडाला क्रीम लागलेली.

मी पाय सरळ करायला म्हणून जरा सरकले. पाय गालिच्यावर घासला. इंजू थांबली.

माझ्याकडे वळली. ओळखीचं हसली आणि पळत निघाली. अर्ध्या वाटेत तिची चाल मंदावली.

डोळे उघडे होते. तिनं एक हात पुढे केला, हवेत चाचपला, भिंत सापडल्यावर पंजा भिंतीवर ठेवला आणि तिच्या आधारानं चालू लागली.

"आंधळी कोशिंबीर खेळतेय," आक्बोता हसून म्हणाली.

मी उठून तिच्यासमोर गेले. तिच्या डोळ्यांपुढे जोरात हात नेला. गाय असो, घोडा असो, पापणी मिटतेच. इंजूची मिटली नाही. खिडकीचा उजेड आला तशा बाहुल्या मात्र बारीक झाल्या. डोळे ठणठणीत होते. ते बघत नव्हते, एवढंच.

ती माझ्या बाजूनं पुढे गेली.

मध्येच तिनं पाय उंच उचलून टाकला. त्या खोलीत उंबरठा नव्हता. थोडं पुढे डावीकडे वळून पुन्हा उचलला. तेव्हा मला कळलं, ती कुठून चाललीये ते. स्वयंपाकघराचा उंबरठा, मग बोळ, मग बाहेरच्या खोलीचा. माझं घर होतं ते.

लवकर येऊ दे हे आंधळेपण, मी मनात म्हणाले. येणार असेल तर माझ्याकडे येऊ दे, आणि हिला सोडू दे.

मग तिचा दुसरा हात दिसला.

तो वर उचललेला होता. बोटं कशाभोवती तरी मिटलेली. मोठ्या माणसाचा हात धरून मूल चालतं, तसा. मला क्षणभर हायसं वाटलं. आंधळेपणी मी एकटी नसणार. कुणीतरी असेल माझ्याबरोबर, हात धरून नेणारं.

माझ्या घराचं बाहेरचं दार जिथे आलं असतं, तिथे इंजू थांबली.

मागे कुणीतरी मेणबत्त्या पेटवत होतं. मामा म्हणत होता, "चला, फुंकर मारायला आणा तिला."

इंजूनं टाचा गालिच्यात रोवल्या. भिंतीवरचा हात काढून दुसऱ्या हाताच्या मिटलेल्या बोटांवर नेला, आणि तोंडातून आवाज न काढता एकेक बोट सोडवू लागली. एकही सुटत नव्हतं. मनगटाभोवतीची कातडी, कुणी घट्ट आवळून धरल्यासारखी, पांढरी पडत चालली होती.