दाराची कडी

परतीचा पाऊस असा काही कोसळला, की वृषालीला स्कूटी रस्त्याच्या कडेला लावून समोर दिसलं त्या छपराखाली पळावं लागलं. तिनं ओढणीचं पाणी पिळलं, चेहरा पुसला, सहज वर पाहिलं... आणि तिचा हात तसाच चेहऱ्यावर थांबला. वर लाकूड. बाजूला लाकूड. खांब, तुळया, छत — सगळं लाकडाचं! ज्या इमारतीत पाऊल टाकणार नाही असं तिनं चारचौघांत ठणकावून सांगितलं होतं, नेमकी त्याच इमारतीत ती उभी होती.

“घाबरू नका, गळत न्हाय,” वरून आवाज आला.

शिडीवर एक तरुण बसला होता. केसांत भुसा, कानामागे पेन्सिल.

“गळायची कुणाला भीती? भीती जळायची हाय,” वृषाली म्हणाली. “कुण्या शहाण्यानं ही कल्पना काढली कोण जाणे! पोरांची बालवाडी, अन् ती लाकडात? काडेपेटीच की नुसती!”

“तो शहाणा मीच,” तो शिडी उतरत म्हणाला. “अविराज. हितला इंजिनियर. अन् तुमी बालवाडीच्या बाई ना? लई ऐकलंय तुमच्याबद्दल.”

“काय ऐकलंय?”

“की तुमी हितं पाऊल टाकणार न्हाय.”

दोघांचीही नजर एकदमच तिच्या भिजलेल्या चपलांकडे गेली. वृषालीला हसू आवरेना. ते लपवायला ती पावसाकडे बघत राहिली, आणि पाऊसही असा खट्याळ, की थांबायचं नाव घेईना.

जळोची गावातली वृषालीची बालवाडी पत्र्याच्या शेडमध्ये भरायची. उन्हाळ्यात पोरं नुसती भाजून निघायची. म्हणून संस्थेनं ही नवी इमारत काढली होती. पण पालक बिचकत होते, आणि त्यांनी सगळं वृषालीवर सोडलं होतं. बाई हो म्हणाल्या तरच पोरं पाठवायची.

पावसानं ओळख करून दिली, आणि पुढे पाऊस नसतानाही वृषालीची स्कूटी तिथं अडखळायला लागली. विचारायला प्रश्न होतेच की! अविराज हातातलं काम टाकून उत्तरं द्यायचा.

“ही जंगलं तोडून आणलेली लाकडं न्हाईत, बाई. कापायसाठीच लावलेली झाडं. एक तोडलं की दुसरं लावत्यात. पट्ट्या एकमेकींना चिकटवून, दाबून ही तुळई होती. सिमेंटपरीस हलकी, अन् उन्हात पत्र्यासारखी तापत न्हाय.”

“अन् पेटली तर?”

“जाड लाकूड भराभरा जळत न्हाय. वरचा थर कोळसा होतो, अन् तोच आतलं लाकूड राखतो.”

तो तुळईवर हात ठेवून बोलायचा आणि ती त्या हाताकडे बघत राहायची. पटायचंही तिला सगळं. पण घराकडं वळली, की वाटेतच भीती स्कूटीवर मागं बसल्यासारखी सोबतीला यायची.

कारणही तसंच होतं. ती लहान असताना कन्हेरीत, तिच्या गावी, शेजारच्या रानात उसाचं पाचट पेटवलं होतं. वारा फिरला आणि त्यांच्या गोठ्यानं पेट घेतला. आई धावली, तिनं दाराच्या लोखंडी कडीला हात घातला. कडी निखाऱ्यासारखी तापलेली. तळहाताची कातडी सोलून निघाली, पण कडी काही निघाली नाही. आतून वासरू ओरडत होतं... आणि मग ते ओरडायचं थांबलं. तेव्हापासून वृषाली कुठल्याही दाराची कडी ओढणीच्या टोकानंच धरायची. अविराजनं ते पाहिलं होतं, एकदा हलकेच विचारलंही होतं. तिनंही सांगून टाकलं होतं, घराबाहेर कुणाला पहिल्यांदाच.

“मग काय ठरलं, बाई?” एका संध्याकाळी त्यानं विचारलं. “हो का न्हाय?”

“मला पटायला लागलंय... अन् त्याचीच भीती वाटती.”

“ती कशापायी?”

वृषालीनं मान खाली घातली. “लाकूड पटतंय, का तुमी... हेच मला कळंना झालंय. चाळीस पोरं हायत माझी. माझं मन कुठं गुंतलंय त्याच्या जिवावर त्यांना कशी आत बसवू?”

अविराज कानापर्यंत लाल झाला.

“मग मला बाजूला ठेवा,” तो म्हणाला. “लाकडालाच विचारा. तुमचं गुऱ्हाळ हाय ना? रस उकळायच्या चुलाणात टाकू एक तुकडा. समद्या पालकांसमोर.”

घरचं गुऱ्हाळ असून ती त्या आगीपाशी वर्षानुवर्षं गेली नव्हती. तरी तिनं धीर केला. “तुकडा मी निवडणार!”

“निवडा की.”

कोऱ्या, गुळगुळीत तुकड्यांवरून तिची नजर पुढं गेली आणि लोखंडी पट्टी व बोल्ट बसवलेल्या सांध्यावर थांबली. “हा.”

अविराजनं त्या बोल्टवरून बोट फिरवलं.

“का? भ्यालात?”

“ह्याचा हिशोब केलाय मी,” तो हळूच म्हणाला. “पण... जाळून बघितला न्हाय कधी.”

ठरल्या दिवशी कन्हेरीच्या गुऱ्हाळावर ही गर्दी! काहिलीत रस उकळत होता, गोड वाफ दाटली होती. तिचे वडील मोहनराव चुलाणात उसाची वाळकी चिपाडं सारत होते. तुकडा आत गेला आणि ज्वाळांनी गिळला. वृषालीच्या कानात वासरू ओरडायला लागलं. इतक्यात अविराज तिच्या पुढ्यात येऊन उभा राहिला. चारचौघांत हात धरता येत नव्हता. तो फक्त अशा बेतानं उभा राहिला, की तिला झळ लागू नये.

“तुमाला न्हाय भीती वाटत?” तिनं विचारलं.

“वाटती. लई.”

का कोण जाणे, तेवढ्यानं तिला बरं वाटलं.

तासाभरानं तुकडा ओढून काढला, पाणी मारलं. काळा ठिक्कर! “ह्याचा तर कोळसा झाला की वो!” मोहनराव म्हणाले. अविराजनं करवत चालवली. वरचा काळा थर ओलांडून पातं आत गेलं, दोन फाका झाल्या... आत पिवळंधमक, ताजं लाकूड. लोकांनी टाळ्या पिटल्या. उद्घाटनाला कुणाला बोलवायचं इथपर्यंत गोष्टी गेल्या.

अविराज मात्र हसत नव्हता. तो दुसऱ्या टोकाशी, बोल्टपाशी वाकला होता. तिथं काळेपणा खोल आत शिरला होता आणि बोल्ट दोन बोटांनी फिरत होता. ते फक्त त्यानं पाहिलं, आणि वृषालीनं. तुकडा गुपचूप बाजूला टाकला असता तर कुणाला पत्ताही लागला नसता. ‘आता हा काय करणार?’ एवढाच विचार वृषालीच्या मनात होता.

“थांबा,” अविराज उभा राहिला. तोंड पांढरं पडलं होतं. “हे बी बघा. लाकूड टिकलं, पण उघड्या लोखंडानं आग आत नेली. चूक माझी हाय. असल्या सांध्यांखाली मी पोरं बसू देणार न्हाय. उद्घाटन पुढं ढकला.”

मग काय विचारता! जो तो तुटून पडला. कुणी म्हणालं, तरी आमी सांगत हुतो. कुणी म्हणालं, दुसरा इंजिनियर बघा. तो मान खाली घालून ऐकत होता. आणि वृषालीला एक नवीनच भीती वाटली, पोराबाळांची नाही, आगीची नाही... हा माणूस निघून जाईल याची.

“इंजिनियरसाहेब!” तिचा आवाज गुऱ्हाळभर गेला. “सांधा दुरुस्त करा अन् दुसरा तुकडा आणा. चुलाण आमचं हाय. मी सारीन चिपाडं!”

मोहनरावांच्या हातातलं चिपाड खाली पडलं. पोरगी आणि चुलाण?

पण तिनं ते केलं. अविराजनं लोखंड लाकडाच्या पोटात घेतलं, वरून लाकडाचीच जाड बुचं मारली. दुसऱ्या खेपेला वृषालीनं स्वतः चिपाडं सारून आग वाढवली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ती मागं सरली नाही. तुकडा बाहेर आला तेव्हा बोल्ट तसूभरही हलला नाही. सगळे पालक एका सुरात म्हणाले, “बाई, आता तुमी सांगाल तसं.” आणि बाई हो म्हणाल्या. सगळे सांधे तसेच बदलून झाल्यावर उद्घाटन ठरलं.

उद्घाटनाच्या आदल्या दुपारी अविराजनं मायलेकींना इमारतीपाशी बोलावलं.

“उघडा की दार,” तो म्हणाला.

वृषालीनं सवयीनं ओढणीचं टोक बोटांभोवती गुंडाळलं, हात पुढं केला... आणि थबकली. दाराला लोखंड नव्हतंच. तळहातभर रुंद, घासून गुळगुळीत केलेली लाकडाची कडी होती.

“आगीत बी हात भाजणार न्हाय,” तो म्हणाला. “अन् दार भाईर उघडतंय. कडी काढली की पोरांनी नुसतं ढकललं तरी बास.”

ओढणीचं टोक तिच्या हातातून सुटलं. तिनं उघडा तळवा त्या कडीवर ठेवला. कडी थंड होती.

“भीती गेली?” त्यानं विचारलं.

“न्हाय. ती काय जायची न्हाय,” ती डोळे पुसत म्हणाली. “पण तुमी तिला हसला न्हाय. आता लाकडाचं अन् तुमचं वेगवेगळं कळतंय मला. दोन्ही पटलंय.”

“मग... उन्हाळ्यात आमच्या पळसदेवला याल? धरणाचं पाणी उतरलं की बुडालेलं जुनं देऊळ वर येतं.”

“नुसतं देऊळ बघायला?”

“देऊळ... अन् घर बी.”

ती लाजून आईकडे वळली. प्रयागबाईंचं लक्ष कुठं होतं? त्या दारापाशी उभ्या राहून आपल्या भाजलेल्या तळहातानं कडी काढत होत्या, लावत होत्या, पुन्हा काढत होत्या.

“आई, काय करती गं?”

प्रयागबाईंनी पदरानं डोळे टिपले आणि अविराजला खालून वर न्याहाळलं.

“तुमच्या घरालाबी हीच कडी बसवा,” त्या म्हणाल्या, “मगच पोरगी देईन.”