चौथा म्हणून घेतलेला खडा

जय, तो लॅपटॉप मिट आता. जेवण झाल्यापासून तू आणि इला जुन्या एसयूव्हींचे फोटो बघताय आणि मी निमूट चहा पितोय. सेफ्टी रेटिंग बघा, एअरबॅग बघा, मी नाही म्हणत नाही. पण टेक्सासमध्ये, प्लेनोला माझ्या शेजारी सुशांत राहतो, त्याच्याइतकं बघून तुम्ही गाडी घ्याल असं वाटत नाही मला. त्याचं काय झालं ते ऐका. दिवा लावायची गरज नाही, कुश. बस तिथेच.

सुशांत मूळचा सांगलीचा. बायको रुचा, पाच वर्षांची मुलगी सिया. जुनी छोटी गाडी त्यानं विकून टाकली, कारण घरात चौथं माणूस येणार होतं. रुचाला दुसरा महिना होता. मला माहीत होतं, कारण डॉक्टरकडे मीच तिला नेऊन आणलं होतं. बाकी कोणालाच सांगितलं नव्हतं. तीन महिने होईपर्यंत तोंड उघडायचं नाही, ही आपली रीत. सांगलीला सुशांतच्या आईलासुद्धा पत्ता नव्हता.

तर तीन रांगांची, भक्कम गाडी हवी होती. मुलीचं स्थळ बघताना कोणी करणार नाही एवढी चौकशी त्यानं केली. शेवटी जवळच्या मकिनी गावात एका गोऱ्या आजींकडे एक सापडली. एकच मालक. अपघात नाही, साधा ओरखडाही नाही. मेकॅनिकनं खालून-वरून बघून सांगितलं, डोळे मिटून घ्या. आजी कमी बोलायच्या. सुशांतनं विचारलं तेव्हा एवढंच म्हणाल्या, "या गाडीला कधीच काही झालेलं नाही."

खरंच बोलल्या त्या. अक्षर न् अक्षर खरं.

गाडी आणायला गेले तो नागपंचमीचा दिवस. ऑफिस सुटल्यावर उबर करून तिघं गेले. सूर्य बुडला तरी टेक्सासचा उन्हाळा, नुसती भट्टी. सह्या झाल्या, किल्ली मिळाली. रुचानं गाडीला हळदकुंकू लावलं, सुशांतनं चाकांखाली लिंबं ठेवली. तेवढ्यात सांगलीहून मीनाक्षीताईंचा, म्हणजे त्याच्या आईचा व्हिडिओ कॉल आला.

"कोण कोण आहात रे?"

"आम्ही तिघंच."

"तिघंच? अरे, तीन तिगाडा, काम बिगाडा. शुभ कामाला असं निघू नये. चौथा म्हणून एक खडा घ्या बरोबर."

हसू नकोस इला, तुझी आजीही हेच सांगायची. रुचानं मला नंतर सांगितलं, "काका, जिभेवर आलं होतं माझ्या, की आई, आम्ही चौघं आहोत. पण सुशांतनं डोळ्यांनी गप्प केलं." तीन महिने व्हायचे होते ना. ती वाकली. आजींच्या अंगणात गाडी जिथे कायम उभी असायची, तिथलाच एक खडा उचलला. काळा, मधोमध पांढरी रेघ. मागच्या रांगेत डाव्या सीटवर ठेवला आणि सासूला ऐकू जाईल अशी म्हणाली, "चल बाळा, तू आमचा चौथा."

आपल्या हक्काचं माणूस पोटात असताना, त्याची जागा तिनं दुसऱ्याला देऊन टाकली.

आजी दारात उभ्या होत्या. मराठी काय कळणार त्यांना? पण खडा आत गेला आणि त्यांनी तोंडावर हात धरला.

हायवेला लागल्यावर पट्ट्याची घंटी वाजायला लागली. टिंग… टिंग… स्क्रीनवर मागची डावी सीट लाल. तिथे कोणीतरी बसलंय आणि पट्टा लावलेला नाही.

"सेन्सर गेला असेल यार," सुशांत म्हणाला. पंपावर थांबला. खड्याला किती वजन असणार, मुठीत मावेल एवढा. तरी त्यानं गमतीनं खड्यावरून पट्टा ओढला आणि लावला.

घंटी थांबली.

सिया मधल्या रांगेत होती. ती मान वळवून मागे बघत होती. मग म्हणाली, "बाबा, ही इज सो हॉट."

"कोण गं?"

तिनं मागच्या सीटकडे बोट केलं. एसी फुल होता. रुचाच्या मानेवरून घाम ओघळत होता.

घरी आले. इंजिन बंद केलं. या गाड्यांत एक सोय असते, मूल आत विसरू नये म्हणून. स्क्रीनवर अक्षरं आली, मागची सीट बघा. सुशांतनं झोपलेल्या सियाला उचललं, सामान घेतलं, गाडी लॉक केली. खडा आतच राहिला. पट्ट्यात अडकलेला.

त्या रात्री रुचा मला म्हणाली… नाही, रात्री नाही, नंतर म्हणाली. रात्रभर गॅरेजमधून घंटी ऐकू येत होती. सुशांत दोनदा बघून आला. गाडी बंद. सगळं शांत. तो अंथरुणात आडवा झाला की… टिंग.

गणपती बसायच्या आत मूल गेलं. डॉक्टर म्हणाले, आता पुढची आशा धरू नका. मी होतो तिथे. रुचा रडली नाही. भिंतीकडे बघून एवढंच म्हणाली, "मीच त्याची जागा दिली, काका." मला फार वाईट वाटलं रे.

सुशांत मकिनीला गेला. आजींनी दार अर्धंच उघडलं.

"मी सांगितलं होतं, गाडीला काही झालं नाही."

"मग कोणाला झालं?"

त्यांनी गाडीच्या मागच्या काचेकडे बघितलं.

"माझ्या मुलाला वाटलं, बाळाला डे-केअरला सोडलंय. तो तसाच ऑफिसला गेला. गाडी दिवसभर उन्हात, आणि बाळ मागच्या सीटवर."

…आणि दार लावून घेतलं.

कुठल्या रिपोर्टमध्ये येणार हे? गाडीला ओरखडा नव्हता.

आम्ही दोघांनी खडा काढला. सावलीतली गाडी, पण खडा हातात धरवेना. फडक्यात गुंडाळला, तळ्यावर नेला, मी स्वतः खोल पाण्यात फेकला. बुडताना बघितला. गाडी त्यानं त्याच आठवड्यात काढून टाकली. यावेळी कोरी करकरीत घेतली, शोरूममधली. पाच सीटची, तिसरी रांगच नको म्हणून.

मग संक्रांतीची आदली रात्र. रस्त्यावर बर्फ. मित्राकडून भोगीचं जेवण करून आम्ही परत येत होतो. मी पुढे सुशांतशेजारी, मागे एका खिडकीशी रुचा, दुसऱ्या खिडकीशी सिया. मुद्दाम चौघं. गॅरेजमध्ये गाडी थांबली. मी उतरलो. सुशांतनं सियाला उचललं. रुचा उतरेना.

"काका," ती म्हणाली, "सगळे उतरले?"

मी आत वाकून बघितलं.

मधल्या सीटचा पट्टा लावलेला होता. तिथे कोणी बसलं नव्हतं.

रुचानं पट्टा सोडला. अगदी हळू, झोपलेल्याला जाग येऊ नये असा. खालून तोच पांढऱ्या रेघेचा खडा उचलला, शालीत घेतला आणि छातीशी धरून घरात घेऊन गेली. आम्ही अडवलं नाही. किती वेळा फेकणार?

मी गारठलेल्या गॅरेजमध्ये उभा होतो, हातमोजे घालूनही बोटं बधिर झालेली. सीटवर खडा होता तिथे मी हात ठेवला.

चटका बसला.