तिसरा पोचा

माझ्या थोरल्या भावाचा एक नियम होता. पोचा ठोकून काढण्याआधी त्याचा ठसा घ्यायचा.

दादा चौतीस वर्षं कारखान्यात लेथवर होता. निवृत्त झाल्यावर त्याने चावीवर चालणाऱ्या जुन्या खेळण्यातल्या आगगाड्या दुरुस्त करायला घेतल्या आणि घराची मागची खोली त्यासाठी अडवली. खिडकीखाली टेबल, टेबलाला वस्तू घट्ट धरायचा व्हाइस, भिंतीवर लहान-मोठ्या क्रमाने टांगलेल्या हातोड्या. चार फळ्यांवर इंजिनं, डबे आणि रुळांचे तुकडे. खोलीत रॉकेल आणि ओल्या रंगाचा वास भरलेला असे.

मी एका दैनिकात एकतीस वर्षं गुन्ह्यांच्या बातम्या लिहिल्या. आधी वेळ लिहायची, मग काय घडलं ते लिहायचं, ही सवय अजून सुटलेली नाही. दर रविवारी सकाळी मी दादाकडे जाऊन बसत असे.

"दोन घोडे गाडी गाडी खेळतायत," वहिनी दारातून म्हणायच्या. "चहा दोन कप करू, की इंजिनालाही टाकू?"

"इंजिनाला बिनसाखरेचा," दादा मान वर न करता म्हणायचा.

ते इंजिन एका ओळखीच्या गवंड्याने आणलं. जुनी भिंत पाडताना त्याला आत कोनाडा सापडला होता. कोनाडा विटांनी बंद करून वर गिलावा केलेला होता. आत टॉवेलात गुंडाळलेलं हे एकच इंजिन. टॉवेल फळीसारखा कडक झाला होता आणि त्यावर तपकिरी डाग होते.

"गंज," दादा म्हणाला.

तसले डाग मी कामाच्या निमित्ताने बरेच पाहिले होते, आणि ते गंजाचे नव्हते.

इंजिन दोन किलो भरलं. बूड ओतीव लोखंडाचं, वर जाड पत्र्याचा बॉयलर. पत्र्यावर तीन पोचे होते: एक मागच्या कडेला, एक कुशीत आणि तिसरा, सगळ्यात खोल, तोंडाशी.

दातांचे डॉक्टर वापरतात तसलं गुलाबी मेण दादाने पहिल्या पोच्यात दाबलं आणि अलगद काढून घेतलं. अशा ठशात इंजिन ज्यावर आपटलं त्या वस्तूचा आकार हातात येतो. टेबलाचा कोपरा, पायरीची कड, असं काहीतरी. हा ठसा गोलसर होता आणि त्याच्या डाव्या अंगाला एक बारीक तिरकी खाच होती.

"अहो, ही तर तुमची हनुवटी," वहिनी हसून म्हणाल्या.

लेथवरून उडालेल्या तुकड्याने दादाच्या हनुवटीला तशीच खाच पडली होती. वहिनींनी इंजिन उचललं आणि त्याचा पोचा दादाच्या हनुवटीला लावून पाहिला.

"बसलं की हो! मापाने शिवल्यासारखं."

आम्ही तिघंही हसलो. आधी हसू थांबलं ते दादाचं.

त्याने पोच्याच्या आत लाकडी ठोकळा धरला आणि बाहेरून कडेकडेने हातोडी चालवली. दादाचा हात हलका. टक, टक, टक. अकरा वाजून वीस मिनिटांनी पत्रा सपाट झाला. वहिनींनी चहाला दुसऱ्यांदा हाक मारली तेव्हा दादाने समोरचा रिकामा कप उचलून भिंतीवर फोडला.

त्रेचाळीस वर्षांच्या संसारात त्याने आवाजसुद्धा चढवला नव्हता. काचा त्यानेच वेचल्या. "हातातून सुटला," तो म्हणाला. कप फुटला होता तो दरवाजाच्या शेजारी, माणसाच्या डोक्याच्या उंचीवर.

दुसऱ्या पोच्याचा ठसा म्हणजे गालाचं हाड होतं. त्या वेळी कुणी काही लावून पाहिलं नाही. पुढच्या रविवारी गेलो तर पोचा नव्हता आणि खिडकीच्या चौकटीवर पिसं चिकटलेली होती.

"कबुतर आत आलं होतं," वहिनी स्वयंपाकघरात हळू आवाजात म्हणाल्या. "ह्यांनी हातोडीने मारलं. एका घावात मेलं होतं, भावजी. तरी हे मारत राहिले."

"डॉक्टरांना दाखवू या का?"

"कुणाला दाखवायचं?" त्यांनी गॅस बारीक केला. "परवा मी कात्री घेऊन ह्यांच्या पाठीमागे उभी होते. किती वेळ, ते माहीत नाही. दूध उतू गेलं तेव्हा भानावर आले."

त्या दिवशी घरी जाताना बसच्या रांगेत माझ्या पुढे एक अनोळखी माणूस उभा होता. त्याच्या मानेचं हाड नेमकं कुठे आहे, याचा मी विचार करत होतो. माझी मूठ वळलेली होती.

तिसऱ्या रविवारी तोंडाजवळच्या पोच्याचा ठसा टेबलावर होता. दादाने तो आधीच्या दोन ठशांशेजारी मांडला नव्हता. मी उचलून उजेडात धरला. कपाळाचा डावा भाग होता, भुवईच्या वरचा. भुवईपासून बोटभर वर मसुराएवढा एक खड्डा.

वहिनींना लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या. खूण एकच राहिली आहे. ती त्या केसांखाली झाकतात.

"दादा, हा राहू दे."

"का?"

"तूच बघ ना हा कुणाचा आहे."

"बघितलाय." त्याने ठोकळा बसवला. "दुरुस्ती म्हणजे काय रे? मार लागण्याआधी होतं तसं करायचं. दोन काढले आणि तिसरा ठेवला, तर ती दुरुस्ती नव्हे. अर्धं काम टाकून मी आयुष्यात उठलोय कधी?"

टक, टक, टक. मी त्याला अडवायला हवं होतं. मी बसून राहिलो आणि पाहत राहिलो, कारण काम सुरेख चाललं होतं. बारा वाजून पाच मिनिटांनी तोंड गुळगुळीत झालं. त्याने प्रायमर दिला, आठवडाभरात वर काळा रंग दिला.

चौथ्या रविवारी दादाने जमिनीवर रूळ मांडले, चावी दिली आणि इंजिन सोडलं. ते गोल गोल फिरलं. पत्र्यावर ओरखडाही नव्हता. ते अजून कशावरच आपटलेलं नाही, असं दिसत होतं.

मी रुळावरून ते उचललं.

"घेऊन जातो," मी म्हणालो. "नदीत टाकतो."

"खाली ठेव."

"दादा, वहिनींसाठी म्हणतोय."

त्याने डबे ठेवायची फळी ओढून माझ्या खांद्यावर हाणली. मी टेबलावर आदळलो. व्हाइसचा दांडा बरगडीत घुसला. त्याने माझा गळा धरला. त्याच्या अंगठ्याला रंगाचा वास होता.

मला राग आला नव्हता. हे मी नीट आठवून लिहितो आहे.

माझा हात मागे गेला आणि पुढे आला. इंजिनाची मागची कड त्याच्या हनुवटीवर बसली. ओला, तुटका आवाज झाला. दोन दात टेबलावर पडले.

त्याची पकड सुटली. तेवढ्यावर थांबता आलं असतं.

दुसरा घाव गालावर. हाड आत गेलेलं माझ्या मनगटाला कळलं.

तो रुळांवर कोसळला.

"काय पडलं हो?"

वहिनी दारात होत्या. त्यांनी खाली पाहिलं. त्या किंचाळल्या नाहीत. वाकून त्यांनी दादाचं डोकं मांडीवर घेतलं. केस बाजूला सरकले.

माझा हात वर होता. इंजिनाचं तोंड पुढे होतं.

दादाने माझा पाय धरला. तोंडातून रक्त येत होतं आणि तो पायाला लोंबकळून मला मागे ओढत होता.

मी इंजिन टाकून दिलं. बारा वाजून अठरा मिनिटं.

इस्पितळात दादाचा जबडा तारेने बांधला. गालात धातूची पट्टी घातली. पोलिसांना त्याने पाटीवर लिहून दिलं: जिन्यावरून पडलो. घरात जिना नाही. विचारलं कुणीच नाही.

इस्पितळातून दादाच्या घरी परत येऊन मी ते मेणाचे ठसे बाहेर काढले. पहिलं मेण इंजिनाच्या मागच्या कडेला नव्याने पडलेल्या पोच्यात बसलं. दुसरं कुशीत बसलं. केस जाईल एवढीही फट नव्हती. तोंडाची जागा गुळगुळीत होती. इंजिनाची चावी मी खिशात टाकली, इंजिन कपाटात ठेवलं, कुलूप लावलं आणि कपाटाची किल्ली दादाच्या उशीखाली ठेवली. त्या घरी जायचं नाही, असं ठरवलं. सहा आठवडे गेलो नाही.

आज वहिनी स्वतःच माझ्याकडे आल्या. हातात पिशवी, पिशवीत त्या जुन्या टॉवेलातलं गाठोडं. दार मी उघडलं. बंद का ठेवलं नाही, ते सांगता येणार नाही.

"तुमच्या दादांनी पाठवलंय," त्या म्हणाल्या. "बोलता येत नाही अजून, पण ऐकेचनात. सकाळपासून पाटी वाजवतायत नुसती. मी म्हटलं, जाते बाई एकदाची." त्यांनी घडी केलेला कागद माझ्यापुढे सरकवला.

दादाचं अक्षर, लेथच्या नकाशावरच्यासारखं सरळ. एकच ओळ होती.

अर्धं टाकून उठू नये.

"कसलं काम राहिलंय हो तुमचं?" वहिनी खुर्ची ओढून बसल्या. गाठोड्याची गाठ घट्ट बसली होती. ती दातांनी सैल करायला त्या टेबलावर वाकल्या. केस पुढे आले. त्यांनी ते हाताने कानामागे सारले. भुवईवरची खूण उघडी पडली.

टॉवेलाच्या आत चाकं फिरत होती. इंजिनाची चावी माझ्या टेबलाच्या खणात आहे.

मी वही ओढली. चार वाजून दहा मिनिटं, एवढं लिहिलं आणि पेन खाली ठेवलं.