बाजूच्या खाटेची तहान

पाचव्या दिवशी कांताचा ताप उतरला. डेंग्यूला पळवून लावलं, असं मी आमच्या आंजी गावभर सांगत फिरलो आणि बायकोला खुशाल भाकरी थापायला बसू दिलं. सहाव्या दिवशी तिचे डोळे पिवळे झाले, लघवी बंद पडली.

वर्ध्याच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, डेंग्यूत ताप उतरल्यावरच जपायचं असतं. लिव्हरला सूज आहे, किडनी काम करत नाही. चार वाजेपर्यंत लघवी उतरली नाही तर डायलिसिस. तोपर्यंत तोंडानं पाणी देऊ नका."

कांताच्या खाटेला लघवीची पिशवी कोरडी लटकत होती. खिडकीकडची खाट रिकामी. हिरवी चादर ताणून घातलेली, फिनाईलचा वास.

एक वाजता मी डबा उघडला. दवाखान्यात बाजूच्या खाटेला विचारल्याशिवाय आम्ही घास घेत नाही. कांताला हसवावं म्हणून मी त्या रिकाम्या खाटेकडे वळलो.

"घ्या बाई, भाकर घ्या. लाजू नका."

"म्हातारे झाले, पन मस्करी जात नाई तुमची," कांता पुटपुटली. मग म्हणाली, "भाकर नाई पाह्यजे तिले. पानी द्या."

"तुले कोनं सांगतलं?"

"तिनंच."

किडनी बंद पडली की माणूस बरळतं, हे डॉक्टरीणबाईंनी सांगितलंच होतं. तिचं मन राखायला मी पेलाभर पाणी त्या खाटेजवळच्या स्टुलावर ठेवलं. जेवण उरकून पाहतो तर पेला कोरडा ठणठणीत. आणि चादरीच्या कडेला, कुणी बसावं तसा खळगा.

सिस्टर पिशवीपाशी वाकली. "आजोबा, पाणी पाजलं का यांना?"

"कांताले नाई पाजलं."

"पेलाभर लघवी आहे. काळ्या चहासारखी, पण आहे!"

मी दुसरा पेला ठेवला. मग तिसरा.

थांबायची हिंमत नव्हती.

पेल्यामागून पेला, पिशवी तेवढीच भरत गेली. रंग उजळत गेला.

चार वाजता डॉक्टरीणबाई हसल्या. "किडनी जागी झाली, काका."

मी खिडकीकडे पाहिलं नाही.

आठवड्यानं सुट्टी मिळाली. ऑटोत मी कांताला खेटून बसलो. चाळीस वर्षांच्या संसारात एवढी हौस पहिल्यांदाच. तिनं कोपरानं ढकललं.

"सरका ना जरा तिकडे. काऊन अडवून राह्यले तिले?"

मी सरकलो.

आमच्या दोघांच्या मधली गादी हळूच दबली.