दहापैकी सात

कानांच्या दवाखान्यात प्रेमात पडणं तसं अवघडच. तिथे निम्मं बोलणं ओरडून करावं लागतं.

सिल्व्हर पार्कमधल्या आमच्या क्लिनिकमध्ये मी ऑडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे लोकांचे कान तपासते. श्रावणातल्या एका दुपारी रामनाथकाका आले. जुन्या भाईंदरचे मासेमार, चाळीस वर्षं बोटीच्या इंजिनाशेजारी बसून कान गेलेले. त्यांना काचेच्या केबिनमध्ये बसवलं, हेडफोन चढवले, हातात बटण दिलं आणि मी ओरडले, "आवाज आला की दाबायचं!"

"काय दाबायचा?" तेही ओरडले.

सोबत आलेल्या त्यांच्या मुलाने त्यांना खुणेने समजावलं. मग माझ्याकडे बघून हसला… ओठांच्या एकाच कोपऱ्याने. उंच, सावळा, पावसाने शर्टाचे खांदे भिजलेले. नाव स्वरूप. गोडदेवजवळच्या एका स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात सुपरवायझर.

काकांची तपासणी झाल्यावर तो म्हणाला, "मॅडम, माझीही घ्या ना टेस्ट. आई म्हणते, मला काही ऐकूच येत नाही."

"सगळ्यांच्या आया असंच म्हणतात. त्यावर मशीन निघालेलं नाही अजून."

"बघा तरी. निदान आईला कागद दाखवता येईल."

मी हसून त्याला केबिनमध्ये बसवलं. पहिली दोन मिनिटं तो झकास बटण दाबत होता. मग थांबला. मी आवाज वाढवला, आणखी वाढवला. काचेतून पाहिलं, तर बटण हातात आणि नजर भिंतीवर. माणूस तिथे नव्हताच.

मी दार उघडलं, तसा तो दचकला. "सॉरी… ऐकू येत होतं. दाबायचं राहिलं."

"राहिलं म्हणजे?"

"म्हणजे… दाबून काय होणार, असं वाटलं." आणि पुन्हा तेच एका कोपऱ्याचं हसू.

हे मला माहीत होतं. दोन वर्षांपूर्वी माझा फोन वाजायचा, मी त्याच्याकडे बघत बसायचे आणि उचलून काय होणार, असं वाटायचं. नोकरी होती, पूनम सागरला स्वतःचं घर होतं, जीव लावणारे आईबाबा होते, तरी सकाळी अंथरुणातून उठवत नसे. त्या काळात मी आठ महिने दर गुरुवारी मृणालिनी मॅडमकडे जात होते. त्या समुपदेशक आहेत. आईने मला तिथे नेलं खरं, पण वर शपथही घातली, "रुचिता, हे कुणाला कळता कामा नये. स्थळं यायची बंद होतील." सोसायटीत सांगितलं, मुलगी जर्मनच्या क्लासला जाते. समोरच्या शाहकाकू अजून लिफ्टमध्ये विचारतात, "बेटा, जर्मनी कब जाएगी?"

काकांच्या कानातल्या मशीनची ऑर्डर, कानाचा साचा, पुन्हा माप अशा निमित्तांनी स्वरूप येत राहिला. मग निमित्तं संपली, तरी आम्ही भेटत राहिलो. जेसल पार्कच्या चौपाटीवर खाडीचा वारा, हातात भुट्टा आणि तो माझ्या अर्धा पाऊल मागे.

"मागे का चालतोस?"

"तुझी वेणी बघायला."

"आणि पुढून काही वाईट दिसते का मी?"

"पुढून बघितलं की… बोलायचं विसरतो."

असं काहीतरी बोलून तो मला पार विरघळवायचा. आणि पुढच्याच क्षणी खाडीकडे बघत इतका दूर जायचा, की मला त्याची बाही ओढावी लागायची. एकदा त्यानेच सांगितलं, वर्षभर हे असंच चाललंय. झोप नाही, भूक नाही, कशातच मन नाही. "घरचे म्हणतात, तुला कमी काय आहे? तेच तर, रुचिता. काहीच कमी नाही. मग मी कुठल्या तोंडाने सांगू?"

आणि इथे मी चूक केली. आठ महिने उपचार घेतले म्हणून मी स्वतःला अर्धी डॉक्टर समजत होते. अर्ध्या हळकुंडाने पिवळी म्हणतात, ती मी. मॅडमनी माझ्याकडून जे जे करून घेतलं होतं, ते सगळं मी त्याच्यावर सुरू केलं. सकाळी चालायला जा. रोज तीन बऱ्या गोष्टी लिही. आणि मनाला दहापैकी किती गुण, ते रोज मला मेसेज कर. हे कुठून शिकलीस, असं त्याने विचारलं, तर म्हटलं, "पुस्तकात वाचलंय." आईची शपथ होती ना.

पहिल्या दिवशी आकडा आला तीन. आठवड्याने चार. मग पाच, सहा, आणि काकांना मशीन लावलं त्या दिवशी चक्क सात! मी त्याला ढीगभर बदामाची चित्रं पाठवली. माझ्या प्रेमाने माणूस बरा होतोय, या विचाराने मी क्लिनिकमध्ये नाचायचीच बाकी होते.

आठ दिवसांनी काका मशीनची सेटिंग बघायला एकटेच आले.

"शिट्टी वाजते का काका कानात?"

"न्हाय गो पोरी. मशीन झ्याक हाय." त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "पन आमचा स्वरूप सकालचा न्हानीत जातो, नल सोडतो आन् रडतो. मना कदी ऐकूच आला नव्हता. किती दिस रडतोय, काय म्हाईत… आता तं वाटतंय, मशीन नव्हती तीच बरी होती."

त्या सकाळी मला आलेला आकडा सातच होता.

संध्याकाळी चौपाटीवर मी विचारलं, "आज खरे किती होते?"

तो खाडीकडे वळला. "दोन. कधी एक."

"मग सात का लिहायचास?"

"तू किती खूश व्हायचीस… दिवसभरात तेवढं एकच काम मला नीट जमत होतं, तुला खूश करणं. तेही सोडून देऊ?"

मला रडू आलं आणि रागही आला. त्याच्यावर कमी, माझ्यावर जास्त.

मृणालिनी मॅडमकडे मी अजून महिन्यातून एकदा जाते. त्या गुरुवारी मी सगळं सांगून टाकलं. त्यांनी विचारलं, "तुला तो आवडतो?"

"खूप."

"मग त्याला पेशंट का केलंस?"

मी पर्सची चेन उघडझाप करत बसले.

"तुझ्या नंबरचा चष्मा तू त्याच्या डोळ्यांवर चढवलास," त्या म्हणाल्या. "आणि आपल्याला जो आवडतो, त्याच्यापुढे माणूस खरं बोलत नाही गं. चांगलं वाटेल ते बोलतो. म्हणून तर आमच्यासारखं परकं कुणीतरी लागतं. माझ्याकडे नको, तू येतेस इथे. भाईंदरला गिरिजा बसते, तिचा नंबर दे त्याला."

नंबर द्यायचा, तर माझंही गुपित सांगावं लागणार होतं. स्वतः जे लपवतेय, ते त्याला कर म्हणून कसं सांगणार? आणि ऐकून तो मागे फिरला तर? दोन रात्री डोळ्याला डोळा लागला नाही. तिसऱ्या दिवशी खाडीकडे बघत एका दमात बोलून टाकलं. पुस्तक वगैरे काही नव्हतं, मीच होते. आठ महिने, आणि त्यातले पाच गोळ्यांसकट.

"तू… पण?"

"मी पण."

"मग तुझं हे हसणं?"

"ते खरं आहे. पण ते तुझ्यासारखं कुणी भेटलं म्हणून नाही आलं. मी जाऊन उपचार घेतले. स्वरूप, आजपासून मी तुला आकडा विचारणार नाही. मला ते जमत नाही, मी साधी कानवाली. तू गिरिजा मॅडमकडे जा."

"आणि नाही गेलो… तर सोडशील?"

"सोडणार नाही. पण रोज खोटं ऐकून खूश होणार नाही."

तो वाळूत बुटाने रेघा ओढत राहिला. मग हळूच म्हणाला, "घरी काय सांगू?"

"आमच्याकडे तर जर्मनचा क्लास सांगितला होता."

तो हसला. ओठांचे दोन्ही कोपरे पहिल्यांदाच वर गेले. पण घरी त्याने खरंच सांगितलं. काका म्हणाले, "इंजिन बंद पडला तं आपुन मिस्त्रीला बोलावतोच ना? मंग जा. मी येतो संगती." आणि पहिल्या दिवशी ते खरंच गिरिजा मॅडमच्या दाराबाहेर टोपी हातात घेऊन बसले.

गिरिजा मॅडमनी त्याला पहिल्याच भेटीत विचारलं, जगूच नये असं कधी वाटतं का? मला दोन महिन्यांत हा प्रश्न तोंडातून काढायचा धीर झाला नव्हता. "वाटतं," असं तो म्हणाला. हे त्याने मला नंतर सांगितलं, तेव्हा मी त्याचा हात इतका घट्ट धरला की तो ओरडला. त्यांनी त्याच दिवशी काकांना आत बोलावून विश्वासात घेतलं, मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, गोळ्या सुरू झाल्या, दर शनिवारची भेट ठरली. जादू झाली नाही. पंधरा दिवस तर काहीच झालं नाही. मग एक दिवस तो म्हणाला, काल सहा तास झोपलो. मग एकदा आईच्या हातचं बोंबलाचं कालवण दोनदा मागून घेतलं. एकदा तर माझ्याशी चक्क भांडला, मी उशिरा आले म्हणून.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी त्याला घरी बोलवायचं ठरलं. आई-बाबांना एवढंच माहीत होतं, मुलगा चांगला आहे आणि मला आवडतो. आईने सकाळपासून पुरण शिजवायला घेतलं होतं. दहा वाजता त्याचा फोन आला.

"रुचिता… आज नको. आज मला उठवतच नाहीये. काहीतरी कारण काढून सांगणार होतो. पण… खरं ते असं आहे."

"एकटा आहेस?"

"नाही, बाबा आहेत इथेच. मॅडमना फोन केला मघाशी. आज पडून राहा म्हणाल्या, उद्या भेटायला बोलावलंय. तसं काही मनात नाहीये, घाबरू नकोस. तुला राग आला?"

राग? मला त्याच्या घरापर्यंत धावत जावंसं वाटत होतं. मला खूश करायचं सोडून हा माणूस पहिल्यांदा मला 'नको' म्हणाला होता.

"झोप तू. पुढच्या रविवारी ये."

आई पुरण वाटत होती. मी तिच्यासमोर उभी राहिले. ताप आलाय, असं सांगता आलं असतं.

"आई, तो आज येणार नाही. त्याला डिप्रेशन आहे. माझं होतं तसंच. उपचार चालू आहेत. मी त्याला माझंही सगळं सांगितलंय."

आईचा हात थांबला. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, तरी ती गॅसकडे वळली नाही. मी मनातल्या मनात सगळी भांडणं तयार करून ठेवली.

"तुझं कळूनही तो येतोय?" तिने विचारलं.

"हो."

"मॅडमकडे नियमित जातो? मधेच सोडत नाही ना?"

"नाही सोडत."

तिने पदराला डोळे पुसले आणि मोठा स्टीलचा डबा काढला. "पोळ्या करते. त्याच्या घरी नेऊन दे. तो झोपला असला, तर उठवू नकोस."