आखूड झालेले कपडे

पेटी नेहमीसारखीच हवा बदलायच्या सुमाराला आली. निळी, प्लास्टिकची, दोन्ही बाजूंना खटके असलेली, आणि इतकी घरं फिरलेली की एका कोपऱ्यातली चीर रंगीबेरंगी चिकटपट्ट्यांनी बुजवलेली होती. सुईबाईने ती दारातून आत ओढली, हात धुऊन कोरडे केले आणि मगच झाकण उघडलं. दुसऱ्यांच्या लेकरांचे कपडे ती ओल्या हाताने हाताळत नसे.

सुईबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. बाजारातल्या एका कपडे-दुरुस्तीच्या दुकानात ती दिवसभर चेन बदलायची, पँटची उंची कमी करायची, आणि लोकांची पोटं सुटली की त्यांच्या कमरेची शिवण मुकाट्याने सैल करून द्यायची. नाव तिला फोनवरच्या गटाने दिलं होतं.

गट होता ‘अपुऱ्या झोपेची मंडळी’. एकाच वर्षी आईबाप झालेली ही माणसं वेगवेगळ्या गावांत राहायची. प्रत्यक्ष भेटलेली जवळजवळ कुणीच नव्हती, पण कुणाच्या पोराला जुलाब लागले तर ते सख्ख्या सासूच्या आधी ह्यांना कळायचं. शाळेची बस चालवायची ती बसवाली. जिला एकदम दोन झाले ती जुळ्यांची आई. बायको बोटीवर नोकरीला असल्यामुळे जो पोर एकट्याने वाढवत होता तो दाढीवाला. सुईबाई ओली बाळंतीण होती आणि दूध येत नव्हतं, तेव्हा बसवालीने थांब्यावर पोरं चढत असताना आवाजी निरोप पाठवला होता, "रडू येतंय तर रड गं, पण आधी पाणी पी." मागे पोरांचा नुसता कालवा. तो निरोप सुईबाईने इतक्यांदा ऐकला की त्या कालव्यातली पोरंही तिच्या ओळखीची झाली.

पेटीची कल्पना बसवालीचीच. पोरांना कपडे अंगाला लागतात न लागतात तोच आखूड होतात, आणि एकाच वर्षीची असली तरी कुणाचं पोर थोराड, कुणाचं बारीक. मग एक पेटी सगळ्या घरांतून फिरवायची, होतील ते काढून घ्यायचे, आखूड झालेले टाकायचे आणि पुढच्या घरी रवाना करायची. नियम एकच, टाकण्याआधी खिसे तपासायचे. पहिल्याच फेरीत दाढीवाल्याच्या पोराच्या खिशात अर्धं चोखलेलं बिस्किट राहिलं होतं आणि त्याच्या मुंग्या जुळ्यांच्या आईकडे पोचल्या होत्या.

सुईबाईची मुलगी तिसरं वर्ष संपता संपता तापाने गेली.

गटाला तिने सांगितलं नाही. लिहायला बसली की अंगठा चालायचा नाही. वाक्य पुरं झालं तर ते खरं होणार, असं काहीतरी तिला वाटायचं. आणि तशातच पेटी आली होती. मागोमाग बसवालीचा निरोप, "पिवळा पिनाफोर तुझ्या पोरीसाठी मुद्दाम वर ठेवलाय." चार वर्षांच्या मुलीचा होता. सुईबाईने तो उचलला, घडी केली आणि लहान खोलीतल्या कपाटात ठेवला. हात आपोआप चालले. पुढे हवा बदलली तेव्हा तो ‘आखूड झालेल्यां’त टाकला आणि त्याच्याहून मोठा फ्रॉक काढून घेतला. एवढंच. कुणी विचारलं, पोर कशी आहे, तर ती लिहायची, "बरी आहे." खोटं म्हणायचं तर इतकंच, आणि ते लिहिताना तिच्या छातीत जे हलायचं त्यावर ती पुढची पेटी येईपर्यंत जगायची. तिला पोरगी हवी होती. दुसरं काहीही नको होतं.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. कपाटात काय आहे हे त्याला माहीत होतं. तो त्या विषयाला हात लावत नसे.

पहिल्यांदा काही बोलली ती जुळ्यांची आई. पेटी सुईबाईकडून तिच्याकडे जायची. तिने गटावर लिहिलं, "सुईबाई, तुझी लेक अजून रांगते की काय? पँटचे गुडघे पार गेलेत! मी ठिगळ लावलंय, हसू नका कुणी." सगळे हसले. दाढीवाल्याने ठिगळाचा फोटो मागितला.

सुईबाईने फोटो मोठा करून पाहिला. ही पँट तिने कपाटात ठेवण्याआधी उजेडात धरून तपासली होती. ते तिच्या अंगवळणीच पडलं होतं, सुटा धागा दिसला तरी ती सुई घ्यायची. गुडघे तेव्हा धडधाकट होते. मग तिला वाटलं, माझंच लक्ष नसेल.

पुढच्या खेपेला हिरवा स्वेटर परत पेटीत टाकायचा म्हणून तिने काढला. घडी तिचीच होती. पण डाव्या बाहीची कड राखाडी झाली होती. तिने ती खिडकीशी नेली. पेन्सिलीचं शिसं होतं. दुकानात गणवेश यायचे, त्यात डावखुऱ्या पोरांची बाही लांबून ओळखू यायची. लिहिताना हात नुकत्याच लिहिलेल्या अक्षरांवरून पुढे सरकतो आणि सगळं पुसून घेतो. तिच्या लेकीला लिहायला शिकायची वेळच आली नव्हती. पण चमचा ती डाव्या हातात धरायची. आजी तो काढून उजव्या हातात द्यायची, आणि आजीची पाठ वळली की चमचा परत डावीकडे.

तिने गटावर सहज विचारल्यासारखं विचारलं, "कुणाचं पोर डावखुरं आहे का गं?"

"आमचं दोन्ही हातांनी सांडतं," दाढीवाल्याने कळवलं.

"आमच्यात कुणी नाही," बसवालीने लिहिलं. "तुझीच ना डावखुरी?"

स्वेटरच्या खिशात दोन गुळगुळीत खडे होते आणि पेन्सिलीला टोक केल्याची सालं. सुईबाईने खिसे रिकामे केले, कारण नियम होता. सालं तिने फेकली नाहीत. बशीत घालून ओट्यावर ठेवली आणि जाता-येता वास घेत राहिली.

ती काही खुळी नव्हती. कापड कसं झिजतं हे तिला पुरतं ठाऊक होतं. दगडावर घासलेलं कापड सपाट झिजतं, धुऊन धुऊन झिजलेलं सगळीकडे सारखं विरतं. माणूस आत असेल तर ते फुगतं, गुडघ्याला वाटी येते, कोपराला पोक येतो. त्या स्वेटरच्या कोपरांना पोक आला होता.

तेव्हा तिने एक केलं. नवीन आलेल्या तपकिरी कोटाला पुढून, गळ्यापासून खालपर्यंत, पांढऱ्या दोऱ्याने कच्चा टाका घातला. टाका तोडल्याशिवाय कोट कुणाच्याही अंगात जाणार नव्हता. कपाटाला कुलूप लावलं आणि किल्ली दुकानातल्या बटणांच्या डब्यात नेऊन टाकली. आणि मग रोज काम करता करता तिची नजर त्या डब्याकडे जायची. कुलूप लावल्याचं तिला वाईट वाटत होतं. थंडी पडायला लागली होती.

थंडी सरल्यावर तिने कपाट उघडलं. कोट घडीत होता. कच्चा टाका काढलेला होता, तोडलेला नव्हता. दोरा सबंधच्या सबंध मधल्या बटणाभोवती गुंडाळून ठेवला होता, घट्ट-सैल, लहान मुलं गुंडाळतात तसा. आणि उलटा. उजव्या हाताने कुणी गुंडाळला तर दोरा ज्या बाजूने जातो, त्याच्या उलट बाजूने.

तिने कोट नाकाशी धरला. थोडा घामाचा वास होता, थोडा साबणाचा. साबण त्यांच्या घरातलाच होता. ती खाली बसली आणि खूप रडली, पण आधी पाणी पिऊन आली.

"तू झोपेत उठतेस का?" नवऱ्याने विचारलं. कोट त्याच्या हातात होता.

"किल्ली दुकानात होती."

"मग?"

"तू तर नाही ना केलंस? मला बरं वाटावं म्हणून?"

"मी? मला बटण तरी लावता येतं का?" तो हसायला गेला, पण त्याचा चेहरा पडला होता. कोट त्याने पलंगावर ठेवला नाही, खुर्चीच्या पाठीला अडकवला, पोर शाळेतून आल्यावर अडकवतात तसा. मग आपण काय केलं हे पाहून त्याने हात मागे घेतला.

पुढच्या खेपेला पेटी कुरियरने आलीच नाही. बसवाली स्वतः घेऊन आली. सुट्टीचा दिवस होता, लख्ख ऊन होतं. फोनमध्ये वाटायची त्यापेक्षा ती बुटकी होती आणि आवाज मात्र तोच, थांब्यावरून हाका मारून बसलेला. दोघींनी एकमेकींना मिठी मारली आणि बराच वेळ सोडली नाही. इतक्या वर्षांची मैत्री, आणि हात कुठे ठेवायचे हे दोघींना कळत नव्हतं. नवरा चहा टाकायला आत गेला.

"एक सांगायचंय," बसवाली म्हणाली. "रागावू नकोस."

"सांग."

"आम्हाला माहीत आहे. पहिल्यापासून. तू तेव्हा फोन उचलत नव्हतीस, म्हणून मी सारखी करत राहिले, तर तुझ्या ह्यांनी उचलला. म्हणाले, तिला कळू देऊ नका तुम्हाला माहीत आहे ते. पेटी बंद करू नका. तिला पेटी लागते."

सुईबाईने स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत भांड्याचा आवाज थांबला होता.

"सगळ्यांना?"

"सगळ्यांना. दाढीवाला तर माप बघून बघून कपडे टाकायचा, तुझ्याकडे येईल ते बरोबर बसावं म्हणून." बसवालीने तिचा हात धरला. "आम्ही आपले करत राहिलो. पण अलीकडे भीती वाटते गं. तू फार मन लावून करतेस. गुडघे झिजवायचे, कोपरं फुगवायची, बाहीला शिसं फासायचं. एखाद्या दिवशी तुझ्याच मनावर परिणाम व्हायचा."

"मी नाही केलं."

"अगं, मी दोष देत नाही."

"मी नाही केलं. ठिगळ लागलं तेव्हा मला वाटलं, माझंच लक्ष नव्हतं. आत्ता तू म्हणालीस तेव्हा वाटलं, तुम्हीच करत असाल."

बसवालीने हात सोडला नाही, पण तो गार पडत गेल्याचं सुईबाईला कळलं. आतून नवरा चहा घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. मधल्या पेटीकडे तिघांनीही पाहिलं नाही.

"ह्यापुढे पेटी तुझं घर वगळून जाऊ दे," शेवटी बसवाली म्हणाली. "तू गटात राहा. आम्ही आहोत. पण पेटी नको."

नवऱ्याच्या डोळ्यांत पाणी होतं. सुईबाईने ते पाहिलं आणि एकदाच काय ते शहाण्या माणसासारखं वागायचं ठरवलं. कपाटातलं सगळं तिने आपल्या हाताने पेटीत भरलं, तपकिरी कोटसुद्धा. खिसे तपासले. बसवालीने खटके लावले, आणि पेटी जिन्यावरून उतरताना पायरीपायरीला आपटत गेल्याचा आवाज सुईबाई दारात उभी राहून ऐकत राहिली.

कपाटात एकच गोष्ट उरली. वरच्या फळीवर, मलमलीत गुंडाळलेला फ्रॉक. तिसऱ्या वाढदिवसासाठी तिने स्वतः शिवलेला, पाठीवर बदकाच्या बटणांची ओळ असलेला. तो कधीच पेटीत गेला नव्हता.

उन्हाळा गेला. गटावर जुळ्यांचे दात पडले, बसवालीच्या मुलाने केस स्वतःच कापले. सुईबाई हसली, सल्ले दिले, रात्री झोपलीसुद्धा. नवरा पुन्हा शीळ घालायला लागला. लहान खोलीचं दार मात्र ती उघडत नव्हती.

मग हवा बदलली. एका सकाळी गारठा असा पडला की नळाचं पाणी बोटांना झोंबलं. तिला एकदम आठवलं, कपाट रिकामं आहे.

ती खोलीत गेली.

मलमल खाली पडली होती. फ्रॉक पलंगावर होता.

दोन्ही काखांतल्या शिवणी उसवल्या होत्या. ओढून उसवलेली शिवण वेगळी दिसते. ही आतून उसवली होती.

पाठीवरची बदकं सगळी उघडी होती. फक्त सर्वांत वरचं बटण लावलं होतं, आणि त्याचं काज फाटलं होतं. कुणीतरी फार प्रयत्न केला होता.

सुईबाईने फोन घेतला. ह्या वेळी अंगठा अडखळला नाही.

"पेटी परत पाठव. थंडी पडलीय. तिच्याकडे घालायला काही नाही."

पलीकडून बसवाली लिहायला लागली. थांबली. पुन्हा लिहायला लागली. पुन्हा थांबली. मग उत्तर आलं.

"माप सांग."

सुईबाईने टेप आणली आणि दार आतून लोटून घेतलं.

"ताठ उभी राहा," ती म्हणाली. "हलू नकोस गं."

ती गुडघ्यांवर बसली. टेपचं एक टोक तिने अंगठ्याने जमिनीला दाबून धरलं, दुसरं हात उंचावून वर नेलं, तिला वाटलं होतं त्याच्याही वर, आणि सोडून दिलं.

ते खाली पडलं नाही.