खोटी हुंकारी

वाचकांची मतं घेऊन मी कुरखेड्याच्या बसमध्ये बसले, तेव्हा डोक्यात एकच होतं, संध्याकाळच्या बसनं परत वडसा गाठायचा. थंडी म्हणजे आमचा सीझन. वडशात आमची छोटी प्रेस आहे, माझी आणि माझ्या भावाची, धनराजची. झाडीपट्टीची नाटकं सुरू झाली की पोस्टरं, तिकिटं, बिल्ले... जेवायला फुरसत नसते. पुस्तकं छापायचा आमचा धंदाच नव्हे. एकच छापलं, कोलूभाऊंचं, अन् तेच गळ्यात पडलं.

कोलूभाऊ म्हणजे शाळेतले माझे गुरुजी. रिटायर झाल्यावर ते कुरखेड्याच्या पुढे, जंगलाला लागून असलेल्या त्यांच्या गावी राहायला गेले आणि तिथे बसून त्यांनी 'काळशिळा' नावाची जाडजूड कादंबरी रचली. राजपुत्र, राक्षसांची फौज, डोंगराच्या पोटातलं राज्य. त्या डोंगरात ठेंगू राहतात, माणसाच्या गुडघ्याला लागतील एवढे. पहिल्या भागात त्यांना काम काय, तर राजपुत्राचं सामान वाहायचं आणि भुयारं खणायची. मी हौसेनं शेवटच्या पानावर प्रेसचा नंबर टाकला, 'आपलं मत कळवा' म्हणून. बापरे! लोक पुस्तक मागून वाचतात, विकत घेत नाहीत, पण मत द्यायला सगळे पुढे. चंद्रपूरच्या एका बाईनं लिहिलं, "राजपुत्र नुसता मिरवतो हो. ठेंगूंना हिरो करा." भद्रावतीच्या एका कॉलेजच्या मुलीनं लिहिलं, "माझे बाबा खाणीत वाकून वाकून चालतात. ठेंगूंचं वाचताना मला तेच दिसतात. दुसऱ्या भागात त्यांना मारू नका."

म्हणून दुसरा भाग ठेंगूंचाच ठरला. टिपरी नावाची एक ठेंगीण त्यांची म्होरकी, घोटू तिचा भाऊ. वाचकांना नुसती नावं कळली तरी ते खूश.

आता एक सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. कोलूभाऊ आधी लिहीत नसत, आधी सांगत. आणि सांगायला समोर हुंकारी देणारं माणूस लागे. आमच्याकडे गोष्ट अशीच चालते. सांगणारा एक वाक्य बोलतो, ऐकणारा 'हुं' म्हणतो, मग पुढचं वाक्य. भाऊंचा त्यात स्वतःचा एक नियम होता. हुंकारी पडली की ते घडलं. मग सांगणाऱ्यालासुद्धा ते फिरवता येत नाही. पटलं नाही तर ऐकणाऱ्यानं 'नाई' म्हणायचं, भाऊ दुसरी वाट काढत. पहिल्या भागाला हुंकारी दिली त्यांच्या बायकोनं, सुकरीबाईनं. भांडून भांडून द्यायची म्हणे. ती उन्हाळ्यात गेली, आणि हे काम माझ्याकडे आलं.

त्या दिवशी दुपारी आम्ही सपरीत, म्हणजे घरापुढच्या ओसरीत, बसलो. समोर धानाचं रान कापणीला आलेलं, मागे जंगल. मी मतं वाचून दाखवली. भाऊ लहान मुलासारखे हसले.

"भद्रावतीची पोरगी काय म्हन्ते? मारू नका?"

"हाव, भाऊ. सगळेच तेच म्हणतात."

"पाहू ना. आता शेवटच सांगून राह्यलो मी. नीट आयक, बाई."

त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. राक्षस डोंगराच्या तोंडाशी आले... हुं. माणसं सगळी मागच्या भुयारानं सुखरूप बाहेर पडली... हुं. आत राहिले फक्त ठेंगू... आणि माझा मोबाइल गुरगुरला. धनराजचा मेसेज. एका नाटक कंपनीच्या पोस्टरवर हिरोइनचं नाव चुकलं होतं, पोस्टरं गावोगाव लागली होती आणि ती बाई प्रेसमध्ये येऊन आकांडतांडव करत होती. चूक माझी होती, प्रूफ मीच पाहिलं होतं. मी ओढणीखाली मोबाइल धरला आणि बोटं चालवू लागले. भाऊंचा आवाज कानावर पडत होता, आत जात नव्हता. ते थांबले की मी 'हुं' म्हणायची. हुं. हुं. हात मेसेजमध्ये, तोंड हुंकारीत.

मग भाऊ बराच वेळ थांबले. काहीतरी विचारून थांबले होते.

"हुं," मी म्हटलं.

"...आयकलंस ना तू?"

"हाव ना, भाऊ. मस्त झालं."

एवढं खोटं मी आयुष्यात फार वेळा बोलले असेन. पण त्या वेळी भाऊंचा चेहरा उतरला आणि खाली, अगदी आमच्या बसायच्या जागेखाली, काहीतरी जड बसल्यासारखं धप्पकन वाजलं. लोट्यातलं पाणी हललं. अंगणात दाणे टिपत असलेल्या कोंबड्या एकदम गप्प झाल्या. आणि वास आला, दगड फोडल्यावर येतो तसा कोरडा, धुळीचा वास. मला वाटलं कुठे सुरुंग लावला असेल. भाऊ एवढंच म्हणाले, "मंग झालं." मी बस पकडली.

शेवटचं प्रकरण लिहून त्यांनी पाठवलं, आणि ते टाइप करताना मला कळलं की मी कशाला हुंकारी दिली होती. टिपरीपुढे दोनच वाटा होत्या. डोंगराच्या तोंडावर दोरानं तोललेली काळशिळा उघडी ठेवली तर राक्षस आत शिरून माणसांच्या मागे जाणार. शिळा आतून सोडली तर राक्षस अडणार, पण मागचं भुयारही ढासळून ठेंगू कायमचे आत कोंडले जाणार, जिवंत. "शिळा सोडू का?" असं टिपरी विचारते. आणि तिथे भाऊंनी मला विचारलं होतं.

मी फोन लावला. 

"भाऊ, हे... बदलता नाही येणार?"

"हुंकारी पडली ना बाई. म्या तं थांबलो होतो. नाई म्हनशीन म्हनून लय वेळ थांबलो. सुकरी असती तं मारलंच असतं तिनं मले." ते थोडं हसले. "दुसरी वाट होती माह्याजवळ. पन तुले हेच पटलं, तं बरोबरच असन."

तिथेच सांगायला हवं होतं की मी ऐकलं नव्हतं. जिभेवर आलं होतं. पण सत्तरीच्या माणसाला कसं सांगायचं, की तुमची टिपरी मरत होती तेव्हा मी एका नटीची माफी मागत होते? मी म्हटलं, "हो भाऊ, बरोबरच आहे." आणि पुस्तक छापलं. लाज वाटते मला, पण छापलं.

मतांचा पाऊस पडला. "शेवट जबरदस्त." "रडले." "हिरो असावे तर असे." धनराज खूश. मला एकेक मेसेज सुईसारखा टोचायचा. भद्रावतीच्या मुलीनं एवढंच लिहिलं, "तुम्ही ऐकलं नाहीत." मी मोबाइल पालथा ठेवला. तिला दुसरंच म्हणायचं होतं, मला माहीत आहे. तरी ठेवला.

मग वेगळी मतं येऊ लागली. एका मास्तरांनी विचारलं, "दुपारी घर शांत असलं की पुस्तकातून ठकठक येते. बाइंडिंगचा प्रॉब्लेम आहे का?" धनराज म्हणाला, "गोंद वाळत असन." मग चंद्रपूरच्या बाईनं कळवलं की तिनं पुस्तक कपाटात पालथं ठेवलं आहे, सरळ ठेवलं की आवाज वाढतो. एकानं पुस्तक परतच पाठवलं. ते पाकीट टेबलावर पडलं होतं आणि मी चहा घेत होते. आतून आवाज आला. ठक... ठक. कोणी घाबरून मारलेला नव्हे. थकलेला, सवयीचा झालेला आवाज. मी चहा तसाच टाकला आणि कुरखेड्याची बस धरली.

भाऊ सपरीत जमिनीला कान लावून पडले होते. ओळखू येत नव्हते इतके सुकले होते. शेजारची कमळाबाई, जी त्यांना डबा द्यायची, ती दारातच मला म्हणाली, "पाय वो बाई, चार घास बी नाई खात. म्हन्ते, ते उपाशी हायेत आत, मी कसा खाऊ?"

मी त्यांच्याजवळ बसले आणि सगळं ओकून टाकलं. मोबाइल, पोस्टर, नटी, सगळं. भाऊ उठून बसले. रागावले असते तर बरं झालं असतं.

"म्हंजे खोटी हुंकारी," ते हळूच म्हणाले. "खोटीवर कोंडले गेले गा बिचारे..."

"भाऊ, पुन्हा सांगा. तेच प्रकरण. ह्या वेळी मी नाई म्हणते."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आशा होती त्या बघण्यात, म्हणून जास्त वाईट वाटतं. त्यांनी डोळे मिटले आणि सुरू केलं. ऊन कलत होतं. मी एकेक शब्द ऐकला. राक्षस आले. माणसं बाहेर पडली. ठेंगू आत राहिले. टिपरीनं शिळेच्या दोरावर हात ठेवला, घोटू रडत होता, आणि टिपरीनं विचारलं...

"शिळा सोडू का?"

"नाई!" मी ओरडले. "नाई, भाऊ! सोडू नका!"

माझा आवाज विरायच्या आत खालून आला.

"हुं."

माझ्या 'नाई'ला नव्हे, टिपरीच्या प्रश्नाला. आणि एकाचा नव्हे. पुष्कळांचा, एकदम. घोगरा, धुळीनं भरलेला, जमिनीला चिकटून आलेला. रागाचा नव्हता. ऐकणाऱ्या माणसाचा होता, अगदी व्यवस्थित, वेळेवर दिलेला.

भाऊ जमिनीकडे वाकले. "...टिपरी?"

"हुं."

"बाई, ते..." ते थांबले, आणि ते थांबताच ठकठक सुरू झाली, आमच्या चारही बाजूंनी. भाऊ घाईघाईनं पुढचं वाक्य बोलले, "मंग शिळा बसली, आत अंधार झाला..." ठकठक थांबली. "हुं." त्यांना पुढचं हवं होतं. पुढचं कोणी रचलेलंच नव्हतं. पुस्तक तिथे संपलं होतं, पण ठेंगू तिथे संपले नव्हते.

भाऊ सांगत राहिले. अंधारात ते भिंतीला धरून कसे चालले, पाण्याचा आवाज कसा आला, घोटूनं गाणं कसं म्हटलं. त्यांना डोंगराबाहेर काढायचं वाक्य आलं की खाली शांतता. हुंकारीच नाही. दुसरं वाक्य घ्यावं लागे. मी म्हटलं, "भाऊ, बास, चला वडशाला." त्यांनी माझा हात झटकला. "तुह्या हुंकारीनं गेले ते. कोनी तं बसलं पायजे ना त्याईच्याजवळ." त्यानंतर ते एवढं कठोर काही बोलले नाहीत, आणि मीही ते विसरले नाही.

मी येत-जात राहिले. कधी ते सांगत, कधी मी. त्यांचा घसा बसला, मग आवाज गेला, मग धाप लागू लागली. परवा कमळाबाईच्या मुलाच्या गाडीत घालून त्यांना गडचिरोलीला दवाखान्यात नेलं. डॉक्टर काही नीट बोलत नाहीत. नळ्या लावल्या आहेत. गाडीत चढवताना भाऊंनी जमिनीकडे बोट दाखवलं आणि माझ्याकडे पाहिलं.

म्हणून मी इथे बसले आहे, त्यांच्या सपरीत. धान कधीच कापून झालं आहे, ऊन उतरतं आहे, आणि माझ्याजवळच्या गोष्टी संपल्या. आजीच्या संपल्या, नाटकांच्या संपल्या. मग आज हीच काढली, जशी घडली तशी. कुरखेड्याची बस म्हटलं, खालून 'हुं' आलं. प्रेस म्हटलं, 'हुं'. मोबाइल ओढणीखाली धरला म्हटलं, तेव्हा जरा थांबून, पण आलं. एकही वाक्य त्यांनी सोडलं नाही. इतकं लक्ष देऊन माझं आजवर कोणी ऐकलं नव्हतं.

आणि मग माझ्या डोक्यात आलं. हुंकारी पडली की ते घडतं! मी घाईनं म्हटलं, "मग कोलूभाऊ बरे झाले."

काही नाही.

मी नीट बसले. आवाज स्थिर केला. "मग कोलूभाऊ बरे होऊन घरी आले, आणि पोटभर जेवले."

खाली चिडीचूप. 

"निदान... निदान त्यांचा श्वास तरी सुरळीत झाला."

कोणी हललंसुद्धा नाही. ते आहेत, मला कळतं आहे, ऐकत आहेत. कमळाबाईच्या घरात फोन वाजतो आहे, गडचिरोलीहूनच असणार. ती उचलायला धावली. मला उठवत नाही. मी जमिनीवर हात टेकले आणि म्हटलं, "चूक माझी होती."

"हुं," ते सगळे म्हणाले.